लाल दिव्यापाशी अकरा मिनिटं

जर्मनीतल्या ग्योटिंगनच्या त्या चौकात एकही गाडी नव्हती. तरी इम्के लाल सिग्नलपुढे उभी होती... तब्बल अकरा मिनिटं. शब्दकोशाच्या कचेरीत शब्दांची कुळं शोधणारी मुलगी. पण लाल असताना रस्ता तिच्या स्वतःच्या सात पिढ्यांत कुणी ओलांडला नव्हता.

"तो बिघडलाय," खांबामागून आवाज आला. हातात स्क्रूड्रायव्हर, गालावर काळा डाग. "मी दुरुस्तच करतोय."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"सांगणार होतो... पण तुम्ही इतक्या मनापासून उभ्या होतात."

हा लोरेन्त्स. दक्षिणेकडून आठवड्यापुरता आलेला, गावातले जुने सिग्नल बदलायला. दुसऱ्या दिवसापासून इम्केची कचेरीची वाट नेमकी त्याच्याच चौकातून जायला लागली.

"आज कुठल्या शब्दाच्या आजोबांना गाठलंत?"

"तुमच्याच. फेरकेअर्सआम्पल."

"वाहतुकीचा दिवा. त्यात काय शोधायचं?"

"आम्पल म्हणजे पूर्वी चर्चमध्ये टांगलेला, कधी न विझणारा दिवा. त्याही आधी, लॅटिनमध्ये, तेलाची इवलीशी कुपी."

"म्हणजे मी नंदादीप सांभाळतो? आईला कळवायला हवं. ती म्हणते, पोरगा चर्चचं तोंड बघत नाही."

इम्के हसली. "आणि फेरकेअर, म्हणजे वाहतूक, त्यात गाड्या फार उशिरा शिरल्या. आधी तो व्यापाराचा शब्द. मग माणसांनी एकमेकांकडे जाण्या-येण्याचा..."

ती थांबली. तो तिच्याकडेच बघत होता — हातातली वायर विसरून.

शुक्रवारी शेवटचा सिग्नल बसवून झाला.

"उद्या पासाऊ," तो म्हणाला. "तिथून पुढे कुठे, ठाऊक नाही."

"छान," इम्के म्हणाली. तेवढा एकच शब्द. शब्दांत दिवस काढणाऱ्या मुलीची ही गत.

ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली. मागे त्याच्या गाडीचं इंजिन घरघरलं. ती वळली. समोर लाल. नवा कोरा, ठणठणीत लाल.

इम्केनं पाऊल टाकलं.

"अहो बाई, लाल आहे," कोपऱ्यावरच्या आजीबाई कडाडल्या. "शिकल्यासवरलेल्या दिसता."

"दिसतंय मला, आजी. माफ करा."

गाडीची काच खाली आली. लोरेन्त्सचा चेहरा पांढराफटक. "तुम्ही... आणि लाल असताना?"

"जाऊ नकोस," ती म्हणाली. "म्हणजे जा... पण परत ये. मला तू आवडतोस."

त्यानं इंजिन बंद केलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत रंग चढला.

"पासाऊला सोमवारी पोचलो तरी चालेल," तो म्हणाला, आणि शेजारच्या सीटवरचा अवजारांचा पसारा दोन्ही हातांनी घाईघाईनं मागे लोटू लागला.