मधली पट्टी

माझ्या डोक्यावर केस नव्हते, मतभेद होते. पन्नाशीपर्यंत मी ते निभावून नेले. मग कार्यालयात नव्या ओळखपत्रांसाठी फोटो काढायचे ठरले, आणि फोटोवाल्याने अत्यंत सभ्यपणे विचारलं, "मॅडम, केस विंचरून येता का?"

मी विंचरूनच आले होते.

कार्यालयाच्या मागच्या गल्लीत, दातांच्या दवाखान्याच्या वर, ब्यूटी पार्लरचं काम शिकवणारी एक संस्था आहे. जिन्याशी फलक होता : 'विद्यार्थिनींकडून केस सरळ करून मिळतील. निम्मे दर.' माझं काम दुसऱ्यांचे मसुदे तपासायचं. शिकाऊ हातांतून काय काय बाहेर पडतं ते मी रोज बघते. तरीही जिना चढले. माणूस चुका बघून शहाणा होतो ही समजूत निदान माझ्याबाबतीत चुकीची आहे.

वर लांबट खोली, खुर्च्यांची ओळ, बंद खिडक्या आणि जळक्या अंड्यासारखा वास. मॉडेल कमी पडतात म्हणून तिथे एक डोकं दोन मुलींना वाटून देतात. कपाळापासून मानेपर्यंत मधोमध भांग पाडला आणि माझ्या डोक्याची वाटणी झाली. डावीकडे उंच मुलगी, उजवीकडे ठेंगणी.

"काकू, हलू नका हं," डावी म्हणाली.

"मी हललेले नाही. तू हललीस."

"हो का? सॉरी. माझी पहिलीच वेळ आहे."

"आणि हिची?"

"तिची दुसरी. पण पहिली धरत नाहीत."

उजवीने ब्रश थांबवला. "त्या बाईंचे केस आधीपासूनच तसे होते," ती म्हणाली.

त्यांच्या मॅडम पाठीमागून फिरत होत्या. चिमटा उघडायचा, बट उचलायची, परत सोडायची. क्रीमने केसांच्या आतले बंध सुटतात, त्या म्हणाल्या. केस आपला आकार विसरतो. मग आपण सांगू तो धरतो.

"आणि जुना आकार? तो कुठे जातो?" मी सहज विचारलं.

मॅडमनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "असं कुणी विचारत नाही," त्या म्हणाल्या आणि पुढच्या खुर्चीकडे वळल्या.

धुणं झालं, वाळवणं झालं, इस्त्री झाली, दुसरं औषध लागलं, पुन्हा धुणं झालं. शेवटी आरशात एक शिस्तीची बाई बसली होती. केस सरळ खाली पडलेले, वरून हुकूम आल्यासारखे. मला ती बरी वाटली. फोटोवालाही खूश झाला असता.

घरी आई असते. काचबिंदूने तिचे डोळे गेले. तेव्हापासून मी आले की खाली वाकायचं आणि तिने माझ्या डोक्यावर हात फिरवायचा, हा आमचा रिवाज. कुणी पावलांवरून माणूस ओळखतं, आई झिपऱ्यांवरून. खात्री पटली की मगच जेवण आणि मगच गोळी. दुसऱ्या कुणाच्या हातून ती हृदयाची गोळी घेत नाही. सकाळी कामाला येणाऱ्या मावशींनी एकदा प्रयत्न केला होता. गोळी नंतर उशीच्या अभ्र्यात सापडली.

मी वाकले. आईचा हात डोक्यावर आला आणि थांबला.

"कोण आहे?"

"मी."

"आवाज तिचाच काढतेस," आई म्हणाली.

मी हसले. आई हसली नाही. तिची बोटं सावकाश मागे गेली, मानेपर्यंत उतरली, आणि तिथे काहीतरी तिच्या हाती लागलं. मीही चाचपून पाहिलं. डोक्याच्या मागच्या बाजूला, बरोबर मधोमध, बोटभर रुंदीची पट्टी जशीच्या तशी कुरळी राहिली होती. डावीला वाटलं ती उजवीची, उजवीला वाटलं डावीची.

"हां. इथे आहेस होय, झिपरे." आईने श्वास सोडला. मग जेवली, गोळीही घेतली.

दुसऱ्या दिवशी संस्थेतून मॅडमचा फोन आला. मधला भाग राहिलाय, येऊन जा, त्याशिवाय मुलींना गुण देता येत नाहीत.

"राहू द्या," मी म्हणाले. समोर दिसणारी चूक मी आयुष्यात पहिल्यांदाच तशी ठेवली.

आठवडाभर सगळं ठीक चाललं. मग एका संध्याकाळी आई म्हणाली, "आज दुपारी लवकर आलीस ते बरं झालं. पण परत जाताना सांगून तरी जायचं."

"मी आत्ताच येतेय, आई."

"केसही पूर्वीसारखे झाले तुझे. उगाच त्या भानगडीत पडली होतीस." तिचा हात माझ्या मानेवर पट्टी शोधत होता. सापडायला नेहमीपेक्षा वेळ लागला. सापडली तेव्हा तिच्या कपाळावर आठी आली, जणू मी तिला तिच्याच घरात चुकीचा पत्ता सांगत होते.

दुपारी घरात कुणी नसतं. मावशी जेवण वाढून जातात आणि मी संध्याकाळी येते. मधल्या वेळात आई रेडिओ ऐकते. डुलकी लागली असेल, स्वप्न पडलं असेल. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, या वयात असं होतं म्हणून. मी स्वतःला पटण्याजोगं कारण दिलं. मसुद्यात कुणी इतकं पटण्याजोगं लिहिलं असतं तर मी खाली रेघ मारली असती.

मग एका सकाळी मावशींनी बाथरूममधून हाक मारली.

"ताई, तुम्ही केस सरळ केलेत ना?"

"हो."

"मग जाळीत हे कुणाचे?"

त्यांच्या हातात ओल्या केसांचा गुंता होता. काळे, दाट, स्क्रूसारखे वळलेले.

"जुने असतील."

"मी जाळी रोज काढते," मावशी म्हणाल्या. त्यांना तो अपमान वाटला होता. वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्या खरोखरच रोज काढत.

त्यानंतर माझा हात मानेवरून हटेना. बैठकीत मान, जेवताना मान, फोनवर बोलताना मान. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी एका मणक्याच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. पट्टी रोज थोडी थोडी मोकळी होत होती. एक वळसा सैल व्हायचा, दुसऱ्या दिवशी तो नसायचाच. क्रीम पसरत असेल म्हणून मी पट्टीला पाणी लागू देईना. न्हाताना तिच्यावर प्लास्टिक बांधत होते. घरी आई सांगायची, "आज तिचे केस पाठीपर्यंत आले." आता ती 'तुझे' म्हणत नव्हती.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत कार्यालयाच्या स्वच्छतागृहात मी हातातला छोटा आरसा मागे धरून पाहिलं. पट्टी नव्हती. ती कुठे होती हेही सांगता येत नव्हतं.

मी अर्धा दिवस रजा टाकली आणि तशीच दवाखान्यावरचा जिना चढले.

"परत कुरळे करा," मी म्हणाले. "निदान मागची एक बट तरी."

डावीने माझे केस हातात घेतले. "काकू, इतके छान झालेत. कशाला मोडताय?"

"आईला ओळखू यावं म्हणून."

"मग आईंनाही घेऊन या ना," उजवी म्हणाली. तिच्या परीने ती मदतच करत होती.

त्यांनी एक बट कांडीवर गुंडाळली, औषध लावलं, घड्याळ लावून बसल्या. दुसरं औषध लावलं. कांडी काढली. बट ओळंब्यासारखी सरळ खाली आली. पुन्हा गुंडाळली. पुन्हा सरळ. मग मॅडम आल्या आणि त्यांनी ती दोन बोटांत धरली.

"हे काहीच धरत नाहीत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग त्यांनी हात एप्रनला पुसला. कोरडाच होता तो.

ओल्या केसांनी मी घरी निघाले. अजून दुपार होती. इतक्या लवकर मी घरी कधी जात नाही.

कुलूप उघडलं. रेडिओ बंद होता. औषधाचा वास येत होता. तो माझाच होता. असावा.

आई पलंगाच्या कडेला बसली होती, गुडघे थोडे फाकवून, हातात फणी.

"कोण?"

"मी."

मी जवळ गेले आणि वाकले. आईने डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. दुकानात कापड बघावं तसा फिरवला, आणि काढून घेतला.

"बसा ना तुम्ही," ती म्हणाली. "ती आहे इथेच."

आईने मला जन्मात कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

"आई, गोळी घ्यायचीय अजून."

"घेतली. तिने दिली की."

मी डबी उघडली. आजचा कप्पा रिकामा होता. उशीचा अभ्रा उलटा करून पाहिला. तिथेही काही नव्हतं.

आई विंचरायला लागली होती. फणी तिच्या गुडघ्यांच्या उंचीवरून, समोरच्या हवेतून, हळूहळू खाली येत होती. पुन्हा वर. पुन्हा खाली. घोट्यांपर्यंत. त्याच्याही खाली, आई वाकेल तितकी.

मग फणी अडकली.

आईने हलकेच ओढून पाहिली. हलली नाही. तिने दुसऱ्या हाताने वरच्या बाजूला हवा मुठीत धरली, मुळांना ओढ बसू नये म्हणून धरतात तशी.

"अहो," ती माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "पाय काढता का जरा? तिच्या केसांवर उभ्या आहात तुम्ही."

मी खाली पाहिलं. फरशी होती. माझा पाय होता.

मी पाय उचलला.

फणी सुटली आणि सरळ खालपर्यंत गेली.