बिनमाईकचं अधिवेशन

श्रीरामपूरच्या स्टेशनवर श्रीरामपूर असं लिहिलेलं नाही. पाटीवर नाव आहे बेलापूर. आम्हाला त्याची सवय. पण शहाण्णव सालच्या डिसेंबरात मनमाडहून सकाळची गाडी आली, तेव्हा आतल्या परगावच्या बायका ती पाटी वाचत होत्या आणि जागच्या जागी बसून राहत होत्या. गाडी जेमतेम तीन मिनिटं थांबणार. मी डब्यामागून डबा पळत होते, "उतरिए, यही श्रीरामपूर है," असं ओरडत होते आणि माझा आवाज बसत चालला होता.

"ताई, यात बोला," मागून कुणीतरी म्हणालं.

वळून पाहिलं तर एक उंच, सावळा तरुण. एका खांद्यावर पार्सलची पेटी, दुसऱ्या हातात बॅटरीवर चालणारा भोंगा. तो त्यानं माझ्या तोंडासमोर धरला. मी बोलले, आणि माझाच आवाज फलाटभर घुमला. दारांतून गाठोडी, पिशव्या, रंगीबेरंगी पदर बाहेर पडू लागले. साठ-सत्तर बायका उतरल्या आणि गाडी हलली.

"आवाज चांगला आहे तुमचा," तो म्हणाला. "पण घसा जपा. तीन दिवस लागणार आहे."

"तुम्हाला काय माहीत?"

"मंडपात माईक माझा आहे. भीमराज." पेटी सावरत तो हसला. "अधिवेशनात हिंदी-मराठी करणाऱ्या विशाखाताई तुम्हीच ना?"

"ताई नका म्हणू," मी म्हणाले. मग का म्हणाले ते कळेना, आणि घाईघाईनं पुढं झाले.

अधिवेशन श्रमसखी संघाचं होतं. शेतमजूर, विड्या वळणाऱ्या, मासे विकणाऱ्या, टोपल्या विणणाऱ्या अशा देशभरच्या बायकांची ही संघटना. दर तीन वर्षांनी अधिवेशन, आणि ते मोठ्या शहरातच व्हायचं. या वेळी पहिल्यांदाच तालुक्याच्या गावी होत होतं. सहाशे प्रतिनिधी येणार होत्या, आणि त्यांच्यात राहात्याकडून निवडून आलेली एक होती माझी आई, चांगुणाबाई. लोकांच्या वावरात खुरपणी करून तिनं मला एम.ए.पर्यंत पोचवलं होतं. तिला स्वतःला अक्षरओळख नव्हती.

तिच्यामुळंच या अधिवेशनाची चर्चा होती. संघाच्या घटनेत कलम सात होतं: केंद्रीय कार्यकारिणीच्या अकरा जणी दिल्लीचं कार्यालय नेमणार, आणि त्या लिहिता-वाचता येणाऱ्याच असणार. आईनं वर्षभरापूर्वी चुलीपुढं बसून मला एक अर्ज सांगितला होता. कार्यकारिणी सभासदांनी मतं देऊन निवडावी, आणि कुठलीही सभासद तिला उभी राहू शकावी. मी तो हिंदीत लिहून पाठवला. दिल्लीनं तो विषयपत्रिकेवर घेतला. मंजूर व्हायला दोन तृतीयांश मतं लागणार होती. म्हणजे चारशे.

पहिले दोन दिवस मी व्यासपीठावर आणि भीमराज खाली डाव्या कोपऱ्यात, त्याच्या अॅम्प्लिफायरजवळ. माझा आवाज पडला की तो तळवा वर उचलायचा. मी माईकच्या फार जवळ गेले की दोन बोटांनी मागं सरकायला सांगायचा. कुणी काही गमतीचं बोललं, की त्याचं हसू माझ्या भाषांतराच्या आधी यायचं की नंतर, इकडंच माझं लक्ष जायला लागलं.

दुपारी चहाच्या रांगेत तो मागं येऊन उभा राहिला.

"केरळच्या बाई दहा मिनिटं बोलल्या. तुम्ही दोनच मिनिटांत संपवलंत."

"सगळं सांगितलं मी."

"सांगितलं असेल. पण ऐकणाऱ्याला आणखी आठ मिनिटं हवी होती."

"बायकांना हवी होती, की माईकवाल्याला?"

त्यानं कपातल्या चहाकडं पाहिलं. "माईकवाल्याला," तो म्हणाला... आणि रांग पुढं सरकली तरी मी तिथंच उभी राहिले.

कलम सातचा विषय तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला होता. अध्यक्ष पुष्पावतीजी सत्तरीच्या. संघ त्यांनी उभा केलेला, त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला या बहिणींविषयी आदरच आहे. पण कार्यकारिणी करारावर सह्या करते. काय लिहिलंय ते न वाचता सही झाली, तर उद्या संघ कुणाच्याही हाती जाईल. ही भीती खोटी आहे का, ते मला सांगा."

खोटी नव्हती. मंडपात अनेक माना हलल्या. मग त्यांनी आईचं नाव पुकारलं. आई उठली, पदर खोचला, पायऱ्या चढली, आणि तेवढ्यात लाईट गेली.

भीमराज जनरेटरकडं धावला. थोड्या वेळानं परत आला तेव्हा त्याचे हात काळे आणि चेहरा उतरलेला. "पट्टा तुटलाय. बाजारातून आणून बसवायला तीन तास जातील."

"मग दुपारी घेऊ," पुष्पावतीजी म्हणाल्या.

मी आईकडं पाहिलं. दुपारी दोनपासून प्रतिनिधींच्या गाड्या होत्या. निम्म्या जणी निघून गेल्या असत्या, आणि चारशे हात भरलेच नसते. विषय आणखी तीन वर्षं पुढं गेला असता.

आईला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "माईक कशाला लागतोय? वावरात आमी या बांधावरून त्या बांधाला बोलतो. जरा दमानं बोलीन."

पण मंडपाच्या कापडाला लागूनच रस्ता होता. कारखान्याचा हंगाम चालू, आणि उसाचे ट्रॅक्टर एकामागून एक जात होते, टेपवर गाणी लावून, हॉर्न वाजवत. आईचं पहिलं वाक्य तिसऱ्या रांगेलाही पोचलं नाही. भीमराज माझ्याकडं एकदा पाहून निघून गेला. मला वाटलं, गेला पट्टा आणायला.

आई पुन्हा बोलायला लागली. आणि हळूहळू बाहेरचं गाणं थांबलं. एक इंजिन बंद झालं, मग दुसरं, मग तिसरं. इतकी शांतता पसरली, की मंडपाचा दोर ताणल्याचा आवाज येत होता.

"मला वाचता येत न्हाई," आई म्हणाली. मी ते हिंदीत म्हणाले. मग मंडपाच्या मधोमध एक तमिळ बाई उभी राहिली आणि तिनं तिच्या रांगांना ते सांगितलं. पलीकडं एक बंगाली, तिच्यामागं एक गुजराती. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आईचं एकेक वाक्य हातोहात घागर द्यावी तसं शेवटच्या रांगेपर्यंत जात होतं, आणि ते तिथं पोचेपर्यंत आई थांबत होती.

"अध्यक्षबाईंची भीती खरी हाय. मला बी हाय. म्हनून कागद आला की मी तीन जनींकडून वाचून घेते. एकीकडून न्हाई, तिघींकडून. तिघींचं जुळलं तरच अंगठा देते. ज्याला वाचता येतं तो एकदाच वाचतो, कवाकवा वाचत बी न्हाई. धा वर्सांत मला कुनी फशिवलं न्हाई."

हे वाक्य जसजसं मागं गेलं, तसतसं हसूही मागं गेलं. आधी हिंदी हसली, मग तमिळ, मग बंगाली.

"वाचता येत न्हाई, हे माजं उनं हाय. ते मी झाकत न्हाई. पन गावात कुनाचं रेशन बंद झालं, कुनाला नवऱ्यानं हाकललं, की रातीबेराती बाया माज्याच दारात येत्यात. त्यांना माजं उनं दिसत न्हाई. मग तुमालाच का दिसावं?" ती थांबली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "ही माजी लेक. मला शिकायचं हुतं तेवढं ही शिकली. आता ही बोलतीय ते समदं माजंच हाय."

आणि मला ते हिंदीत सांगता येईना. शब्द साधे होते, सगळे येत होते. ही बाई रोज सकाळी माझ्याआधी उठून भाकरी बांधून वावरात जाते, एवढंच मला बावीस वर्षं माहीत होतं. आज सहाशे बायका तिच्या पुढच्या शब्दासाठी श्वास धरून बसल्या होत्या, आणि मी तिच्याशेजारी उभी होते.

मंडपाच्या दाराशी भीमराज दिसला. त्याच्यामागं कापड बाजूला सारून ट्रॅक्टरचे चालक उभे, डोक्यावरची मफलर हातात घेऊन. रस्ता का थांबला ते मला तेव्हा कळलं. त्यानं माझ्याकडं पाहून तळवा सावकाश वर उचलला. मी बोलले.

मतदान हात वर करून झालं. पुष्पावतीजींनी ठरावाच्या बाजूच्यांना विचारलं, आणि काचेच्या, लाखेच्या, पोवळ्याच्या बांगड्यांचे हात वर गेले. कितीक मनगटं उघडीच होती. मोजणाऱ्या जणी रांगांतून फिरत होत्या, तोवर एकही हात खाली आला नाही. चारशे सदतीस. पुष्पावतीजींनी आकडा वाचला, उठल्या, आणि आपली खुर्ची ओढून आईला दिली. आई बसेना. मग दोघी उभ्याच राहिल्या, एकमेकींचे हात धरून.

गाड्यांना उशीर झाला तरी चालेल, म्हणून निवडणूक तिथंच उरकली. अकरा जणींत आई निवडून आली. दिल्लीत पहिलं वर्षभर तिच्यासोबत राहून कागद वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं, आणि ती कोण, हे विचारायचीही गरज नव्हती.

उन्हं उतरली तेव्हा मंडप सुटत होता. हवेत उसाच्या मळीचा आंबूस वास होता. भीमराज वायरी गुंडाळत होता. मी जवळ गेले.

"ट्रॅक्टर कसे थांबवलेत?"

"रस्त्यात आडवा उभा राहिलो. पहिल्यानं शिव्या दिल्या. मग विचारलं, काय चाललंय आत? म्हटलं, येऊन ऐका." वायरीचा वेढा त्यानं खाली ठेवला. "अकरा वर्षं माईक लावतोय. लग्नं, सभा, कीर्तनं. आज पहिल्यांदा माझं काही काम नव्हतं, आणि सगळं ऐकू आलं."

मी तो वेढा उचलून त्याच्या पेटीत ठेवला.

"दिल्लीला कधी निघणार?"

"पंधरा तारखेला. वर्षभर तरी."

"वर्षभर..." त्यानं हात पँटला पुसले. "एक विचारायचं होतं. पण आधी तुमच्या आईंना विचारावं, असं वाटतंय."

आई दोन पावलांवर सतरंज्या झटकत होती. तिला सगळं ऐकू येत होतं. "मला कशाला इचारतोस, बाबा?" ती मान वर न करता म्हणाली. "माजं मत मी सकाळी दिलं. हिचं हिला इचार."

तो माझ्याकडं वळला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "विशाखा, वर्षानं तू परत येशील तेव्हा... माझ्याशी लग्न करशील?"

तीन दिवस मी सगळ्या देशाच्या बायकांचं बोलणं बोलत होते. आता फक्त माझं एक उत्तर द्यायचं होतं, आणि ना हिंदी सुचली, ना कॉलेजातली मराठी.

"व्हय," मी म्हणाले. "पण पत्रं लिही. लांब लिही."

"अक्षर वाईट आहे माझं."

"असू दे," सतरंजीची घडी घालत आई म्हणाली. "तिघींकडून वाचून घेऊ."

भीमराज इतका गोरामोरा झाला, की मला हसू आवरेना. मग मी सतरंजीचं दुसरं टोक धरलं, तिसरं त्यानं धरलं, आणि आम्ही तिघं मिळून मंडप रिकामा करू लागलो.