सायकलवर एकाचीच जागा

आधीच सांगतो, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. जन्मभर विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवलं, मोजता येतं तेच खरं म्हणत आलो. आणि त्या दुपारचं मोजण्यासारखं माझ्याकडे काहीच नाही. खोलीत पंखा चालू होता की बंद, हेही ठामपणे सांगवत नाही. वास मात्र आठवतो.

धाकटा मुलगा थिन्ह जहाजावर नोकरीला, म्हणून त्याच्या बायकोला, दिएपला, सोनोग्राफीला मी घेऊन निघालो. सरकारी इस्पितळातला नंबर लांबचा होता आणि तिला तेवढा धीर नव्हता. पहिल्या खेपेला सगळं ठीक आहे म्हणता म्हणता बाळाचे ठोके थांबले होते. निघताना ती सेनच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावून उभी राहिली. सेन म्हणजे माझी बायको; ती गेली तेव्हा दिएप या घरात आलीही नव्हती.

“आई,” दिएप पुटपुटली, “या वेळी एक तरी राहू द्या. एकच, पण राहू द्या.”

सेन दिल्या शब्दाला पक्की, आणि निवाड्यालाही. आमचे दोघे मुलगे लहान होते तेव्हा तिच्या सायकलच्या मागे एकाचीच जागा असायची. बाजाराला निघाली की दोघे भोकाड पसरायचे. ती पायानं खट्कन स्टँड उडवायची आणि एकेकाकडे बोट दाखवायची. “तू घर राख. तू चल माझ्याबरोबर.” पुढे वाद नाही.

डॉक्टर लोआन यांचा दवाखाना कालव्याकाठच्या गल्लीत, त्यांच्याच घराच्या तळमजल्यावर. येताना भरपूर पाणी प्या, लघवीला जाऊ नका, असं सांगितलेलं. दिएपनं एक बाटली संपवली. काळजीच्या भरात दुसरी मी संपवली. बाकावर माझी चुळबुळ पाहून दारावरच्या बाई म्हणाल्या, “आजोबा, तपासणी कुणाची आहे?”

“सुनेची.”

“मग तुम्ही कशाला धरून बसलाय? मागं आहे, जाऊन या की! तुमच्या पोटात काय दिसायचंय?”

दिएप खुदकन हसली. कित्येक दिवसांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

आत अंधार केला होता. मला पडद्याआड स्टुलावर बसवलं.

“जेल गार लागेल हं,” डॉक्टर म्हणाल्या. “दुखणार नाही, थोडं दाबल्यासारखं वाटेल. आणि मी गप्प झाले तर घाबरायचं नाही. बघताना मी बोलत नाही.”

यंत्राची बारीक घरघर सुरू झाली. पडद्याच्या फटीतून डॉक्टरांचा चेहरा दिसत होता, राखाडी उजेडात न्हालेला. त्यांच्या भुवया वर गेल्या. हसू फुटत होतं, काहीतरी बोलणारच होत्या... आणि थबकल्या. हसू तसंच विरून गेलं.

“ठोके आहेत ना?” दिएपनं विचारलं.

“थांब हं, पोरी...”

त्यांनी पोटावरचं जेल पुसलं. पुन्हा घातलं. पुन्हा पुसलं.

तेव्हा तो वास आला. फिनेल आणि जेलच्या वासाखालून हळूहळू वर आला. सेन काळ्या शेंगा उकळून त्या पाण्यानं केस धुवायची, तो ओल्या केसांचा वास. मी वळून पाहिलं. मागे भिंत होती. खिडकी बंद होती.

“तू घर राख...” कुणीतरी अगदी हलक्या आवाजात म्हणालं. झोपलेलं मूल उठू नये म्हणून बोलतात, तसं. “तू चल माझ्याबरोबर...”

खट्.

मग सायकलच्या चाकाची टिकटिक, भिंतीपलीकडे दूर दूर जाणारी.

आणि त्याच क्षणी खोलीभर आवाज घुमला. धडधड, धडधड, घोडा दौडत यावा तसा. डॉक्टरांनी यंत्राचा आवाज मोठा केला होता.

“हे बघ तुझं बाळ,” त्या म्हणाल्या. त्यांचा स्वर ओला होता.

दिएप हुंदके देत होती. “बाबा, ऐकलंत?”

“ऐकलं, पोरी.” त्याहून जास्त काय सांगणार? म्हाताऱ्याचे कान, बाहेर गल्ली, गल्लीत सायकली. बाहेर पडल्यावर पाहिलं, एकही नव्हती. पण तेवढ्यानं काय सिद्ध होतं?

मुलगी झाली. दृष्ट लागू नये म्हणून घरात तिला सगळे ‘बेडकी’ म्हणतो. गुटगुटीत, बडबडी. एक मात्र आहे, घरी एकटं राहायला ती कधीच घाबरली नाही. अगदी लहान असल्यापासून म्हणते, “तुम्ही जा आजोबा, मी घर राखते.” हे वाक्य तिला कुणी शिकवलं, ते मी अजून शोधतो आहे. घरात तसं कुणीच बोलत नाही.

पुढे कित्येक वर्षांनी, दिएप आणि बेडकीबरोबर नव्या वर्षाच्या फुलबाजारात गेलो होतो, तिथे डॉक्टर लोआन भेटल्या. दवाखाना बंद करून त्या लेकीकडे राहायला गेल्या होत्या. बेडकीकडे त्या खूप वेळ पाहत राहिल्या. ती कुंड्यांकडे पळाल्यावर मी धीर करून विचारलं, “डॉक्टर, त्या दिवशी तुम्ही एकदम गप्प का झाला होतात?”

त्यांनी दिएप जवळ नाही ना, ते पाहिलं.

“असं होतं कधीकधी, सर. निसर्ग आहे. बिचारी आधीच घाबरलेली, म्हणून तिला बोलले नाही. पण मी पुसून पुन्हा बघायच्या आधी...” त्यांचा आवाज खाली गेला. “दोन होती. आणि दोघांचेही ठोके अगदी छान चालू होते.”