तबकातलं दार

शैलेंद्रला त्या संध्याकाळी एक साधं काम होतं. चिनी मातीचं एक तबक मालकीणबाईंच्या घरी पोचतं करायचं आणि तिथूनच विमानतळ गाठायचा. शनिवार, १९ जानेवारी १९८५. मिनेसोटातलं ईडन प्रेरी. थंडी अशी, की मिशीवर बर्फ धरायचा. तुम्ही क्युपर्टिनोत वाढलेली मुलं, तुम्हाला काय कळणार म्हणा.

"काका, ही ट्रू स्टोरी आहे ना?" नीलानं विचारलं.

"जन्मभर बातम्या लिहिल्या मी. तारीख दिली, गाव दिलं. माणूस माझा सख्खा मावसभाऊ. अजून काय हवं तुला, शपथपत्र?"

तर शैलेंद्र तेव्हा पीएच.डी. करत होता, काच आणि चिनी माती यांवर. ते तबक त्याच्या प्रोफेसरनं त्या मालकीणबाईंकडून रंग तपासायला आणलेलं. आणि विमानतळावर येणार होती पद्मजा, त्याची नवी बायको. ती सांगलीबाहेर एकटी कधी गेली नव्हती. अंगात घरी विणलेला स्वेटर. शैलेंद्रनं तिला बजावून सांगितलं होतं, मी समोरच उभा असेन, दुसऱ्या कुणाबरोबर जाऊ नकोस.

आता तबकाचं ऐका. चीनमधल्या कुणा कारागिरानं त्यावर निळ्या रंगात चित्र काढलं होतं. नदी, पूल, एक घर, घराचं उघडं दार. बाकी जागा पांढरी. मुद्दाम सोडलेली! तबक जहाजातून लंडनला गेलं, आणि तिथल्या रंगवणाऱ्यांना ती मोकळी जागा बघवेना. गिऱ्हाइकाला भडक हवं ना! मग झिलईवर लाल, हिरवा, सोनेरी मिना, म्हणजे काचेचा रंग, चढवला आणि तबक पुन्हा भट्टीत घातलं. उघड्या दारावर लाल कुंपण! ज्यानं ते दार काढलं त्याला कुणी विचारलं? नाव तरी ठाऊक होतं का कुणाला? आणि या लुडबुडीला म्हणायचं कलाकुसर!

"काका, चिल. तुम्ही ओरडताय," प्रसन्न म्हणाला. "भूत कुठंय यार?"

"यार तुझ्या कॉलेजात. मी काका आहे. गप्प बस."

लॅबमध्ये शैलेंद्रनं दिवा तिरपा धरून पाहिलं होतं. लाल कुंपणाखाली निळ्या रेघा दिसत होत्या. दारात एक माणूस उभा होता. बाहेर पडायच्या बेतात. त्याच्या तोंडावरच कुंपण घातलं होतं.

मालकीणबाई फ्लोरिडाला गेल्या होत्या. किल्ली प्रोफेसरनं दिली होती. इंजिन गोठू नये म्हणून शैलेंद्रनं गाडी सुरूच ठेवली. आत गेला. जेवणघरातल्या काचेच्या कपाटात तबक ठेवलं. दिवा मालवला. दाराशी आला आणि सवयीनं म्हणाला, "येतो."

आपण असंच म्हणतो. रिकाम्या घरालासुद्धा. 'जातो' म्हटलं तर शैलेंद्रची आई त्याच्या तोंडावर हात ठेवायची. घरातून 'जातं' ते मेलेलं माणूस.

त्यानं दार उघडलं. पाऊल बाहेर टाकलं…

समोर काचेचं कपाट.

त्याला वाटलं, आपण चुकून उलटे वळलो. पुन्हा दाराशी गेला. पुन्हा बाहेर पडला. पुन्हा कपाट. मग स्वयंपाकघराचं मागचं दार. तिथूनही जेवणघरातच. खिडकी हलेना. काचेतून गाडी दिसत होती. दिवे लागलेले. धूर निघतोय. चार ढांगांवर.

त्यानं फोन उचलला. आत काहीच नाही. खरखरसुद्धा नाही.

विमान उतरलं असेल. ती दाराकडे बघत असेल.

त्यानं खुर्ची उचलून काचेवर मारली. खुर्ची मोडली. काच तशीच.

कपाटात काहीतरी किणकिणलं.

त्यानं खिशातला टॉर्च काढून तिरपा धरला. लाल कुंपण. खाली निळं दार. दारात तो माणूस. आणि त्याच्यामागे… आणखी एक. चष्मा लावलेला.

शैलेंद्रनं आपला चष्मा चाचपला.

"ओ गॉड," नीला पुटपुटली.

तेव्हा त्याला आठवलं, आपण काय म्हणालो ते. येतो. घरानं ते खरं धरलं होतं.

"पण अमेरिकन घराला मराठी कसं कळलं?" प्रसन्ननं विचारलं.

"माहीत नाही. त्यानं सांगितलं ते मी सांगतोय."

म्हणजे दुसरा शब्द म्हणायला हवा. पण जीभ रेटेना. विमानाला उशीर झाला असेल, तर बायको विमानात असेल अजून. हवेत असेल. अशा वेळी ते अभद्र बोलायचं? कुणाचं जाणं होईल त्यानं?

टॉर्च पिवळा पडत चालला…

तो म्हणाला. हळू. "जातो."

काही नाही.

"जातो. मी जातो!"

थंड वारा तोंडावर आला. दार उघडं होतं. बाहेर बर्फ. खरा बर्फ. तो पळाला. त्याच्या पावलांखाली बर्फ करकरत होता. मागे आणखी दोन पावलं करकरत होती. त्यानं वळून पाहिलं नाही. गाडीत बसला. गाडीचं मागचं दार उघडलं… मिटलं.

विमानतळ येईपर्यंत त्यानं आरशात एकदाही पाहिलं नाही. गाडी लावली, तेव्हा मागची सीट रिकामी होती.

पद्मजा बॅगेवर बसली होती. सुखरूप. त्याला बघून रडायलाच लागली.

"अहो, किती वेळ! आणि त्या माणसाला काही सांगून तरी पाठवायचं. एक अक्षर बोलला नाही. मी कुडकुडत होते, तर हे माझ्या अंगावर घातलं आणि निघून गेला."

"कुठे?"

"बाहेर. बर्फात."

तिच्या अंगावर एक लांब, कापूस भरलेला निळा अंगरखा होता. बाजूला बांधायचे बंद असलेला.

तो अजून तिच्या ट्रंकेत आहे. मी हात लावून पाहिलाय. डाव्या खांद्यावर एक ओरखडा आहे, घासून बाहेर पडताना लागावा तसा. लाल. गुळगुळीत. काचेसारखा थंड. नखानं निघत नाही. मिना चढवायला भट्टीच लागते, शैलेंद्र म्हणाला.

कापूस कुठेही करपलेला नाही.