तिच्या गाडीचं ऑइल

जुन्या छोट्या गाडीत कुठलं ऑइल घालायचं, हा प्रश्न पडला की गल्लीतला कुणीही गॅरेजवाल्या मिस्त्रींकडे यायचा. मिस्त्री आधी इंजिन ऐकत, मग गाडीखाली वाकून डाग बघत आणि दर वेळी तेच सांगत. जुन्या इंजिनाचे सांधे सैल झालेले असतात, त्याला जाड ऑइल लागतं. पातळ ऑइल नव्या गाड्यांसाठी. चाळीस वर्षं हेच ऐकून त्यांची बायको म्हणायची, हे वाक्य एकदाचं पाटीवर रंगवून टाका, म्हणजे तुमचा घसा वाचेल.

आणि तिच्याच जुन्या गाडीत त्यांनी पातळ ऑइल घातलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. एका गिऱ्हाइकाच्या नव्या गाडीच्या ऑइलचा डबा उरला होता, तो वाया जाऊ नये एवढंच कारण. तिने दारातून विचारलंही होतं, "अहो, गाडीत नेहमीचंच घालताय ना?" मिस्त्री हो म्हणाले होते.

आठवड्याभराने ती बहिणीकडे निघाली आणि वाटेतून तिचा फोन आला. ऑइलचा लाल दिवा लागलाय, थांबू का? मिस्त्रींच्या हातात दुसरं काम होतं.

"जुनी गाडी आहे, उगाच डोळे वटारते. जा तशीच, आल्यावर बघतो."

पुढच्या वळणावर इंजिन जाम झालं. ती उतरून बॉनेट उघडायला गेली आणि वळणावरून आलेल्या ट्रकवाल्याला ती दिसली नाही. गाडीला साधा ओरखडाही आला नाही.

सहा महिने गाडी ताडपत्रीखाली पडून होती. मग मिस्त्रींनी इंजिन खोललं. आतली बेअरिंगं जळून गेली होती. ती ऑइलमुळे जळली की वयामुळे, हे त्यांना शोधून काढायचं होतं. खरं सांगायचं तर त्यांना सुटका हवी होती. नवी बेअरिंगं बसवून त्यांनी मुद्दाम तेच पातळ ऑइल भरलं. उद्या गाडी चालवायची. दिवा लागला नाही, तर दोष आपला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं ऑइल ट्रेमध्ये होतं.

गळती म्हणावी तर जमिनीवर एक थेंब नव्हता. जुनं ऑइल धरायचा भिंतीवरचा ट्रे कुणीतरी काढून गाडीखाली सरकवला होता. ऑइल सोडायचा इंजिनाच्या तळाचा बोल्ट स्वच्छ पुसून फडक्याच्या घडीवर ठेवलेला होता.

मुलीला वाटलं, बाबांनीच काढलं आणि विसरले. मिस्त्रींनाही ते पटलं. वय झालं की हात एक करतात नि डोकं दुसरंच. या वेळी त्यांनी थोडं जाडसर ऑइल भरलं, गॅरेजला कुलूप घातलं आणि किल्ली मुलीकडे दिली. सकाळी तिनेच कुलूप उघडलं. ट्रे पुन्हा भरलेला होता. ती फडक्याकडे बघत राहिली. चौकोनी घडी, टोकं आत दुमडलेली.

"आई अशी घडी घालायची."

"हो."

"बाबा, तिला हवं ते घाला ना."

मग त्यांनी नेहमीचं जाड ऑइल भरलं. सकाळी ट्रे भिंतीवर होता, बोल्ट जागच्या जागी. पहिल्याच चावीला इंजिन सुरू झालं आणि लाल दिवा विझला. स्टिअरिंगवर डोकं टेकून मिस्त्री ढसाढसा रडले. दोष कुणाचा होता ते आता कळलं होतं.

मुलीला हायसं वाटलं. मिस्त्री मात्र रोज सकाळी आशेने दार उघडत आणि ट्रे भिंतीवरच असे. पंधरा दिवस गेले. तिचं काम झालं होतं, आता ती कशाला येईल? शेवटी मुलगी कामावर गेल्यावर त्यांनी चांगलं ऑइल काढून टाकलं आणि पातळ ऑइलचा डबा उघडला. आपण काय करतोय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण तिने एकदा यावं, फडक्याची घडी घालावी, हवं तर चिडावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. ऑइल बदललं की किलोमीटरचा आकडा दारावर खडूने लिहायची त्यांची सवय होती. तो लिहून त्यांनी कुलूप लावलं.

सकाळी ट्रे भिंतीवरच होता.

बोल्ट घट्ट होता.

त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. ते गरम होतं.

आतून जळका वास येत होता. त्यांनी चावी फिरवली. इंजिन हललं नाही.

मग त्यांनी मीटर पाहिला, दारावरचा आकडा पाहिला आणि पुन्हा मीटर पाहिला. अकरा किलोमीटर वाढले होते. घरापासून त्या वळणापर्यंत अकराच होतात.

परत येण्याचे त्यात नव्हते.