गालाआतली खूण

"आ करा," मंजुश्री म्हणाली, तर समोरचा तरणा गडी हसायलाच लागला.

"हसू नका हो... नमुना नीट येत न्हाय."

"एवढ्या जवळून बघताय, मग हसू न्हाय तर काय येणार?"

विड्या वळणाऱ्या बायका खुदकन हसल्या. मंजुश्री वडगावच्या विणकराची मुलगी. तंबाखूचं विष पेशींचं काय करतं, यावर बेळगावात तिचं संशोधन चाललं होतं. त्यासाठी ती निपाणीला विड्या वळणाऱ्या ताराबाईंच्या सोप्यात बसून बायकांच्या गालाआतल्या पेशी गोळा करत होती. तुलनेला तंबाखू न खाणारं कुणीतरी हवं होतं, आणि नेमका ताराबाईंचा मुलगा विनोद गॅरेजवरून जेवायला आला.

"तंबाखू खाता?"

"शिवत न्हाय," तो म्हणाला — आईकडं न बघता.

लाकडी पट्टीनं तिनं त्याचा गाल आतून अलगद खरवडला. नजरेला नजर भिडली... आणि काचेवर त्याचं नाव लिहिताना तिचं अक्षर वाकडं आलं.

बेळगावात तिनं ती काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि तिचं हसू मावळलं. पेशीच्या गोल केंद्रकाशेजारी बारका ठिपका. पुढच्या पेशीतही. त्याच्या आईच्या नमुन्यापेक्षा जास्त.

पुढच्या खेपेला ती थेट गॅरेजवर गेली.

"खोटं बोललात."

विनोदनं पाना खाली ठेवला. "कुणी सांगितलं?"

"तुमच्या पेशींनी." गाडीच्या धुळकट सीटवर तिनं बोटानं गोल काढला. "तंबाखूचं विष ह्याच्या आतले धागे तोडतं. एका पेशीच्या दोन होताना तुटका तुकडा मागंच राहतो, ठिपक्यासारखा. अशी मोडतोड साठत गेली, की एखादी पेशी ताळतंत्र सोडते... नुसती वाढतच सुटते."

तो हळूच म्हणाला, "माझ्या वडलांच्या, अण्णांच्या तोंडाला तेच झालतं. म्हणून आईला सांगितलं न्हाय... आता लई उशीर झाला असंल?"

"न्हाय. गालातल्या जुन्या पेशी गळतात, खालनं नव्या येतात. विष थांबलं तर धडधाकट येतील."

"मग सोडतो. तुमच्यासाठी."

"आईसाठी सोडा की."

"त्यासाठी आधी तिला सांगावं लागंल!"

पण सांगितलं त्यानं. ताराबाईंनी हातातलं विड्यांचं सूप त्याच्या पाठीत घातलं, डोळे पुसले आणि चहा टाकला.

पुढं रोज संध्याकाळी मंजुश्रीचा फोन वाजू लागला. तलफ आली की तो तिच्याशी बोलायचा. हळूहळू तलफ कमी झाली. बोलणं मात्र वाढतच गेलं.

दिवाळीनंतर तो बेळगावला आला. तिनं नवा नमुना घेतला, रंगवला आणि कितीतरी वेळ बघत राहिली. ठिपके खरंच विरळ झाले होते.

"मग घ्या की मला अभ्यासात," विनोद म्हणाला.

"तुमचे दोन्ही नमुने बाद केले मी."

"का? आता खरं बोलतोय की."

"ज्याचे ठिपके कमी दिसावेत म्हणून मी देवाला हात जोडते... त्याचे ठिपके मी सरळ मनानं मोजणार कशी?"

त्याला उमगायला क्षणभर लागला. मग कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"अभ्यासात न्हाय... मग मी बसायचं कुठं?"

"वडगावला या," ती काचेवरची नजर न उचलता म्हणाली. "माझ्या आप्पांच्या मागाशेजारी बाकडं आहे. तिथं बसून विचारा त्यांना."