आउनेच्या ठाण्यावरची दुसरी पुंगळी

"तुलिक्की, असशील तशी निघ! वेइक्कोला गोळी लागलीय!"

फोनवर शिकारटोळीचा म्होरक्या ओइवा होता. एरवी दोन शब्दांत काम भागवणारा हा माणूस आज ओरडत होता. हवालदार तुलिक्की हेइकुराने हातातला पाव तसाच टाकला आणि गाडी काढली.

ती पोहोचली तेव्हा हेलिकॉप्टर वेइक्कोला घेऊन औलूच्या इस्पितळाकडे निघून गेलं होतं. गोळी कमरेतून आरपार गेली होती. जगेल की नाही, हे सांगायला डॉक्टर तयार नव्हते.

शिकार केलेली मूस हरणं सोलायच्या शेडमध्ये टोळी गोळा झाली होती. चुलीवरचा रस्सा आटत चालला होता, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. कोपऱ्यातल्या बाकावर आउने बसली होती. ती वेइक्कोची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून त्याची बंदूक घेऊन तीच टोळीत उभी राहायची.

"मीच मारलं त्याला," ती म्हणाली. "काय लिहायचं ते लिही आणि ने मला."

"लिहायचं काय ते मी बघते. किती गोळ्या झाडल्यास?"

"एक. दलदलीतून मादी चालली होती. चुकली."

"एकच?"

"मला तरी एकच आठवते. पण आवाज दोन झाले म्हणतात. काडतुसाच्या रिकाम्या पुंगळ्याही दोन सापडल्यात ओइवाला, मी दबा धरून बसते त्या ठाण्यावर. झाडली असेल दुसरी. भान कुठं होतं मला!"

"बंदुकीत किती भरल्या होत्यास?"

"नाही गं आठवत."

बोलताना तिने उजवा अंगठा मुठीत लपवला. तुलिक्कीने तो उघडून पाहिला. नख मुळापासून मोडलं होतं आणि रक्त सुकलं होतं.

"हे कशानं झालं?"

"असल्या वेळी नखाचं काय घेऊन बसलीस!"

तुलिक्कीला तिची दया आली आणि स्वतःचा रागही. या बाईला बेड्या घालायची वेळ आपल्यावरच यावी?

तिने ओइवाकडे मोर्चा वळवला. "दोन आवाजांत किती वेळ गेला?"

"वेळ कसला? एकावर एक. माणूस श्वाससुद्धा घेणार नाही तेवढ्यात."

"कुठल्या बाजूने?"

"या झाडीत कळतंय होय? घुमतं सगळं."

आउनेच्या शेजारच्या ठाण्यावर राइमो होता. धिप्पाड, मदतीला धावून जाणारा म्हणून गावात नाव असलेला. त्याने आत्ताही आउनेच्या खांद्यावर आपलं जाकीट टाकलं होतं.

"तू गोळी झाडलीस?"

"चापाला बोटही लावलं नाही."

"वेइक्कोचं ओरडणं ऐकलंस?"

"ऐकलं की. पण इकडं आउनेनं आकांत मांडला होता. म्हटलं, ही बाई स्वतःचं काही बरंवाईट करून घेईल. म्हणून आधी तिच्याकडं पळालो."

सगळ्यांनी माना हलवल्या. असा शेजारी मिळायला नशीब लागतं, असंच त्यांच्या चेहऱ्यांवर होतं.

ओइवाला सोबत घेऊन तुलिक्की आउनेच्या ठाण्यावर गेली. एक पुंगळी स्टुलाच्या पायाशी शेवाळात रुतली होती. तिचं अंग एका बाजूने चेपलेलं होतं. दुसरी उजवीकडे, तीन पावलं मागे, लिंगोनच्या झुडपात पडली होती. ती गुळगुळीत होती, साधा ओरखडाही नव्हता. दोन्ही एकाच मापाच्या आणि एकाच बनावटीच्या. टोळी काडतुसं एकत्रच मागवत असे, त्यामुळे त्यात नवल नव्हतं.

आउनेची बंदूक पाइनच्या झाडाला टेकवलेली होती. तिच्यावरची दुर्बीण नवी कोरी, पण अगदी खाली, काडतूस आतबाहेर करायच्या बोल्टला चिकटल्यासारखी बसवलेली. दुर्बिणीच्या उजव्या अंगाला नेम सरकवायची गोल गुंडी होती. तिचा काळा रंग एका जागी उडाला होता आणि तिथे पितळेचा पिवळा डाग दिसत होता.

"या दुर्बिणीवरून सरावाच्या दिवशी काय चिडवलं होतं आम्ही तिला!" ओइवा डोळे पुसत म्हणाला. "राइमो असता तर त्यानं हातासरशी नीट बसवून दिली असती. पण तो तेव्हा कामावर होता, नॉर्वेत. नंतर सगळे विसरलो."

तुलिक्कीने फोटो काढले, दोन्ही पुंगळ्या पिशव्यांत घातल्या आणि बंदूक उचलली.

सगळी पाहणी उरकून अंधार पडताना शेडमध्ये परतल्यावर तिने खिडकीत पडलेली एक जुनी पुंगळी घेतली, आउनेच्या बंदुकीत सरकवली आणि बोल्ट बंद केला. बंदूक राइमोपुढे धरली.

"बोल्ट उघड. ही बाहेर काढ."

"मी? कशाला?"

"काढ तर."

राइमोने झटक्यात बोल्ट मागे ओढला. टण्ण! पुंगळी उडाली, गुंडीवर आपटली आणि उलटी येऊन आतच आडवी पडली. त्याने बोल्ट पुढे रेटला. अडकला. पुन्हा रेटला. तसूभरही हलला नाही.

"आयला! ही परत आत कशी आली?"

कुणी हसलं नाही. त्याने मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं.

"बघ ना," तुलिक्की म्हणाली, "एवढ्या जणांत आश्चर्य फक्त तुला वाटलं."

"म्हणजे?"

"म्हणजे या बंदुकीचं हे दुखणं टोळीत सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त तू सरावाला नव्हतास. दुर्बीण खाली बसलीय, दरवेळी पुंगळी गुंडीला थडकते आणि आत पडते. मग आउने ती नखाने उकरून काढते आणि पायाशी टाकते. आज त्यात नखच मोडलं. स्टुलाजवळची चेपलेली पुंगळी तिची. ती उकरून काढेपर्यंत दुसरी गोळी झाडणं शक्यच नाही. आणि आवाज तर एकावर एक झाले."

"मग दुसरी?"

"दुसरी कुणीतरी आणून टाकली. जिथे चांगल्या बंदुकीची पुंगळी पडते, नेमकी तिथे. उजवीकडे, जरा मागे. टाकणारा जुना शिकारी होता, हात बरोबर पडला. पण ही बंदूक तशी टाकतच नाही, हे त्याला माहीत नव्हतं. मी येण्याआधी त्या ठाण्यावर दोघंच पोहोचले. ओइवा आणि त्याच्याही आधी तू. ओइवानं तर या दुर्बिणीवरून तिला चिडवलंय. तुझी बंदूक मी ताब्यात घेतेय, राइमो. पुंगळीच्या बुडावर कुणाच्या बंदुकीचा ठसा आहे, ते तपासात कळेलच."

राइमो बाकावर बसला.

"आउनेची गोळी चुकली आणि झाडी हलली," तो पुटपुटला. "तपकिरी काहीतरी दिसलं. वाटलं, मादीच वळली. देवाशपथ, मुद्दाम नाही केलं. मग तिचं रडणं ऐकू आलं, 'मी मारलं, मी मारलं' म्हणून. वाटलं, तिला तसंही तेच वाटतंय..."

"मुद्दाम काय केलंस ते पुंगळी सांगतेय," तुलिक्की म्हणाली.

आउने उठली. अंगावरचं जाकीट तिने काढलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

"वेइक्को तुझ्या ठाण्याजवळ पडला होता, राइमो. त्याच्या हाका मला ऐकू येत होत्या. मी उठू शकत नव्हते. पण तू पळू शकत होतास. तो रक्तात पडलेला असताना तू त्याला ओलांडून माझ्याकडं आलास. आणि मी तुझा हात धरून म्हणाले, माझ्याकडं नको, त्याच्याकडं जा. तरी नाही गेलास."

तुलिक्कीच्या खिशातला फोन वाजला. औलूहून होता. तिने ऐकून घेतलं.

"शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आलाय. विचारतोय, आउने कुठंय."

आउने दाराकडे निघाली, चालता चालताच तिने डोळे पुसले.

"ओइवा, गाडी काढ," ती म्हणाली. "आता मला त्याच्यासमोर जाता येईल."